पोर्तुगीजांचे ताट आणि आमची पेज

परदेशप्रवासावरील मराठी लेखनात अलीकडे एक दावा वारंवार कानी पडू लागला आहे. लेखक पोर्तुगालला जातो, लिस्बन आणि पोर्तु या दोन शहरांत आठ-दहा दिवस काढतो, तेथील पाव, मासळी, चीज आणि अंड्याच्या बलकाचे गोड पदार्थ यांचा मनसोक्त समाचार घेतो, आणि घरी परतून काट्यावर उभा राहतो तो काय, वजन दोन किलोंनी उतरलेले! मग त्या देशाच्या आहारपद्धतीचे स्तोत्र सुरू होते. वाचकाच्या तोंडाला पाणी सुटते आणि मनाला आशा वाटू लागते. जिभेला न दुखवता देह हलका करण्याची युक्ती सापडली, असे त्याला वाटते. या लेखनाचा प्रामाणिकपणा आम्ही नाकारीत नाही. काटा खोटे बोलत नसतो. परंतु काट्याने दिलेल्या साक्षीवरून लेखक जो निष्कर्ष काढतो, तो तपासून पाहणे हे टीकाकाराचे काम आहे.

ही तपासणी आमच्या वाचकवर्गाने करावी याला एक निराळे कारणही आहे. ज्यांच्या कुलदेवता सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखालचे आपले मूळ ठाव सोडून आल्या, म्हणजे कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आले व केळोशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, त्यांना 'पोर्तुगीज' हा शब्द केवळ प्रवासी कंपनीच्या पत्रकातला शब्द नाही. बेळगाव-निपाणीकडील जी कुटुंबे आजही चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरून कुलदैवताच्या दर्शनाला जातात, त्यांच्या घरांत 'पाव' या एका पदार्थाभोवती किती भीती व किती कथा गुंफलेल्या होत्या, हे वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याची कथा लोकपरंपरेने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. आज त्याच घरांतील मुले लिस्बनच्या पावाची छायाचित्रे काढून आणतात. या पालटाचे आम्हांस दुःख नाही. पण पालट होताना आपण नेमके काय घेतले आणि काय सोडले, याचा हिशेब कोणी मांडावयाचा?

प्रथम या दाव्यातील नवेपणा लक्षात घ्यावा. प्रवासात वजन घटणे ही गोष्ट आमच्या भाषेला कालपर्यंत शुभ वाटत नव्हती. दूरच्या प्रवासाहून आलेल्या माणसाला उंबऱ्यावरच आजी म्हणे, "किती रे रोडावलास!" आणि ते वाक्य म्हणजे परमुलखाविरुद्धची फिर्याद असे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, आणि शाकाहार न सोडता परक्या थंडीत दिवस काढून १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांनी पुण्यास देह ठेवला. त्यांचे खंगत जाणे वाचणाऱ्याच्या काळजाला घरे पाडते. आपल्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले, आणि काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. त्यांचे 'निवेदन' १९२४ साली प्रसिद्ध झाले. परमुलखात जेवण म्हणजे काय, तर कोठे मिळेल, कोण देईल, कोणत्या पंक्तीत बसू देतील, हा प्रश्न. त्या पिढीच्या प्रवाशाला अन्न शोधावे लागे. आजच्या प्रवाशाला ते टाळावे लागते. वजन उतरल्याचा आनंद हा मुळात भरल्या पोटाच्या समाजाचा आनंद आहे. तो लाजिरवाणा नाही. मात्र तो सांगणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर त्याच्या लेखनाला थोडी नम्रता येईल.

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळू. पोर्तुगीज माणसाचा दिवस माफक न्याहारीने उजाडतो: पावाचा तुकडा, लोणी, दूध घातलेली कॉफी. दुपारी एकच्या सुमारास मुख्य जेवण आणि रात्री आठच्या सुमारास दुसरे. दोन्ही जेवणांचा आरंभ बहुधा सूपाने होतो. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध 'काल्दु व्हेर्द', म्हणजे हिरवे सार. बटाटा शिजवून घोटावयाचा, त्यात कोबीच्या जातीची हिरवी पाने दोऱ्यासारखी बारीक चिरून सोडावयाची आणि वर ऑलिव्हच्या तेलाची धार. (आमच्या शाकाहारी यात्रेकरूंनी एवढे जाणून असावे की, रूढ पद्धतीत या सारात डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात, आधी सांगितल्यास ती टाळता येते.) त्यानंतर मासळी किंवा मांस, सोबत बटाटे किंवा भात, बहुधा दोन्हीही. 'बाकल्याव' हा तर त्यांचा राष्ट्रीय पदार्थच. उत्तरेकडील थंड समुद्रातला कॉड मासा खारवून वाळवितात आणि एक-दोन दिवस पाणी बदलीत भिजवून मग शिजवितात. खाऱ्या सुक्या मासळीचे अप्रूप कोकणी माणसाला कोणी शिकवावयास नको. शेवटी गोड आणि कडक कॉफीचा इवलासा पेला. गोडात 'पश्तेल द नाता' ही बलकाची वाटी जगभर गाजली आहे. लिस्बनच्या बेलें भागातील एक दुकान १८३७ पासून ती विकीत आले आहे.

हे ताट पाहून कोणता सुज्ञ मनुष्य म्हणेल की, हा वजन उतरविण्याचा आहार आहे? पाव आहे, बटाटा आहे, भात आहे, तेल आहे, साखर आहे, अंड्याचे बलक आहेत आणि पुष्कळांच्या मेजावर द्राक्षमद्यही आहे. पदार्थ हलके नाहीत. मग वजन उतरले कशाने? याचे उत्तर त्या लेखनातच दिलेले असते. लेखकाचे त्याकडे लक्ष नसते, इतकेच. तो एका परिच्छेदात लिहितो की, लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे, रस्ते दगडी चढणीचे आहेत आणि आपण दिवसभर पायी भटकलो. पुढच्या परिच्छेदात तो मासळीचे वर्णन करतो, आणि श्रेय मासळीला देऊन मोकळा होतो. साक्षीदाराने खरे सांगावे आणि वकिलाने त्यातून भलताच अर्थ काढावा, असा हा प्रकार आहे.

थोडे गणित करू. सत्तर किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला, तर सुमारे ५० उष्मांक, ज्यांना व्यवहारात कॅलरी म्हणतात ते, खर्च होतात. रोज नेहमीपेक्षा १० किलोमीटर अधिक चालला तर ५००. दहा दिवसांत ५०००. देहातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांकांचा साठा. म्हणजे एवढी पायपीट करूनही, आणि जेवण नेहमीइतकेच ठेवूनही, चरबी उतरणार ती पाऊण किलोहून कमी. उरलेला सव्वा किलोहून थोडा अधिक भार बहुतांशी पाण्याचा असतो. शरीरात साठविलेली साखर खर्च झाली की तिच्याबरोबर धरलेले पाणीही निघून जाते आणि घरच्या चार जेवणांत ते परत येते. तात्पर्य, दहा दिवसांच्या सहलीतून काढलेला आहारसिद्धांत हा एका तारखेच्या सुनावणीवरून दिलेल्या निकालासारखा आहे. सहा महिन्यांनी काटा काय म्हणाला, हे यांपैकी कोणी लिहीत नाही.

म्हणून या लेखनातून शिकण्यासारखे काही नाही असे मात्र नव्हे. पदार्थांच्या भोवती जी व्यवस्था आहे, ती विचार करण्याजोगी आहे. जेवणाची वेळ ठरलेली आहे. माणूस बसून, ताट समोर ठेवून, सोबत्याशी बोलत जेवतो. आरंभी पातळ व उष्ण असे सार पोटात गेल्यामुळे भुकेचा पहिला आवेग ओसरतो. दोन जेवणांच्या मध्ये तळलेल्या पदार्थांचे डबे उघडे पडलेले नसतात. पुष्कळ खाणावळींत पूर्ण वाढीबरोबर अर्धी वाढही मागता येते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. युनेस्कोने २०१३ साली पोर्तुगालसह सात देशांची भूमध्यसागरी आहारपरंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पोर्तुगालच्या बाजूने दक्षिणेकडील ताव्हिरा हे गाव त्यात पुढे होते. तेथे गौरव पाककृतींचा झालेला नाही. पेरणी, मासेमारी, साठवण, स्वयंपाक आणि मुख्यतः एकत्र बसून जेवणे, या सर्व रीतीचा झाला आहे. आमचे प्रवासी लेखक रीत तेथेच ठेवतात आणि पाककृती तेवढी घेऊन येतात. त्या लेखनावर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप विस्मरणाचा आहे. पोर्तुगीज सूपांत 'कांझा' नावाचे एक सार घरोघर प्रिय आहे. कोंबडीच्या रसात तांदूळ शिजवून ते करतात. आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, थंडीत सगळेच पितात. हे नाव तेथले नव्हे. ते आमच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या 'कांजी'चे पोर्तुगीज रूप आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्याने मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी रुग्णाला देण्याची येथील रीत या नावानिशी नोंदविली आहे. म्हणजे आमच्या चुलीवरची पेज जहाजात बसून लिस्बनला गेली, तेथे कोंबडीची झाली आणि मेजावर चढली. उलट, तेथून येथे काय आले? मिरची आली, बटाटा आला, काजू, अननस व पपई आली. 'कोबी' हा आमचा शब्द त्यांच्या 'कोव्ह'वरून आला, आणि हिरव्या सारातली पाने त्याच कोव्हची. बेळगावच्या शिवारातला बटाटा आणि संकेश्वराकडील मिरची यांच्यावाचून आज आमचा स्वयंपाक उभा राहणार नाही. रोज पहाटे बेळगावची भाजी घाट उतरून गोव्यास जाते, तीत हे परदेशी पाहुणे घरच्यासारखे बसलेले असतात. असे असता आमचा प्रवासी 'कांझा'चे कौतुक करतो आणि घरी पेज पुढे आली की, "आजारी आहे का मी?" असे विचारतो. गोव्यात सकाळी अकराच्या सुमारास पेज, सोबत लोणच्याची फोड किंवा सुकी भाजी, हा हिंदू-ख्रिस्ती दोघांचाही नेम होता. तो मोडला तेव्हा आम्हांला वाईट वाटले नाही. परक्या भाषेत तिचे नाव ऐकल्यावर मात्र ती पौष्टिक ठरली.

तथापि येथे एक सापळा आहे, आणि आमच्या समाजातील लेखक त्यात नेहमी पडतात. "हे सर्व आमच्याकडे होतेच" असे म्हणून ते मोकळे होतात. केळीच्या पानावरील पदार्थांची ठरलेली जागा, आपोष्णी, मुकाट्याने जेवणे, एकादशी, सोमवार, चातुर्मास यांचा पाढा वाचला की, पोर्तुगीजांचे ताट निकालात निघाले असे त्यांना वाटते. होते, हे खरे. परंतु आज आहे काय? एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी आणि वर रताळ्याचा गोड काप असतो. उपवास देहाला हलका करण्यासाठी असेल, तर या ताटाने तो हेतू साधत नाही. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळे आणि शेंगदाणा हे चारही मूळचे अमेरिकेतले. त्यांतले बहुतेक पोर्तुगीजांच्याच जहाजांनी आमच्या किनाऱ्याला लागले, ही गोष्ट वेगळीच.

पोर्तुगीजांनी आमच्या ताटात कायद्याने हात घातला होता, हे विसरून या विषयावर लिहिता येत नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले व १८१२ साली ते उठले. त्या न्यायसभेने १७३६ साली काढलेल्या फर्मानात धर्मांतरित लोकांना हिंदूंच्या अनेक रीती वर्ज्य केल्या. भात मिठावाचून शिजवून मीठ मागाहून घालण्याची हिंदूंची पद्धतही त्यांतच होती! कै. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात या साऱ्या इतिहासाचे साधार विवेचन केले आहे. भातात मीठ केव्हा घातले यावरून माणसाचा धर्म ओळखावा आणि त्याला न्यायासनापुढे खेचावे, ही कल्पना आज अंगावर शहारे आणते. तेथे प्रश्न आरोग्याचा नव्हता, शेजाऱ्याशी असलेले नाते तोडण्याचा होता. ज्याची चूल निराळी केली, त्याची पंगतही निराळी होते, हे राज्यकर्त्यांनी पुरते ओळखले होते.

त्याच देशाच्या संसदेने २००९ साली मिठासंबंधी दुसरा कायदा केला. पावात दर १०० ग्रॅमला १.४ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ असता कामा नये, असे त्याने ठरविले. कारण सरळ होते. तेथील लोक मीठ फार खात, आणि रक्तदाबाने व पक्षाघाताने माणसे जात. वकिली व्यवसायातील माणसाला हे दोन कायदे शेजारी ठेवण्याचा मोह आवरत नाही. पहिला परक्यांनी परक्यांवर लादला. दुसरा लोकांनी आपल्या प्रतिनिधींकरवी स्वतःवर घालून घेतला. पहिल्याने भीती निर्माण केली. दुसऱ्याने रोजच्या पावात सुधारणा केली. २०१५ सालचा आणखी एक नियम आमच्या प्रवाशांनी लक्षात ठेवावा. खाणावळीत बसताच न मागता पुढे ठेवले जाणारे पाव, ऑलिव्ह, लोणी यांचे पैसे, ग्राहकाने ते मागितले नसतील आणि त्यांना हातही लावला नसेल, तर आकारता येत नाहीत. या नियमामागचे तत्त्व पैशांपुरते नाही. समोर आले म्हणून खाल्लेच पाहिजे असे नाही, नाही म्हणण्याचा हक्क जेवणाऱ्याचा आहे, असे तो सांगतो.

आमच्या पंगतीत नेमका हाच हक्क उरलेला नाही. आमच्याकडे आग्रह हे आतिथ्याचे शिखर मानले जाते. "माझ्या गळ्याची शपथ, एक तरी घ्या" असे म्हणत पानात जिलबी पडते आणि पानात टाकू नये हा दुसरा संस्कार ती पोटात ढकलतो. ज्या काळी पोटभर गोड वर्षातून चार वेळा मिळे, त्या काळी हा आग्रह प्रेमाचा होता. आज ज्या कुटुंबात मधुमेहाच्या गोळ्यांची डबी देव्हाऱ्याजवळच ठेवलेली असते, त्या कुटुंबात तोच आग्रह क्रूर ठरतो. समाराधनेच्या व मुंजीच्या पंगतीत "मला साखर चालत नाही" असे हळूच सांगणाऱ्या वृद्धांची थट्टा होते, आणि थट्टेला भिऊन ते खातात. घरात त्यांची पथ्ये सांभाळणाऱ्या सुना तेथे गप्प बसतात. हा अनुभव कोणा एकाचा नव्हे. वाचकांनी आपल्या घरची गेली चार कार्ये आठवावीत. आणि परदेशाहून आलेल्या घेण्यासारख्या वस्तूंपैकी आम्ही सर्वांत मनापासून काय स्वीकारले? निपाणीच्या बाजारपेठेला विचारावे. तंबाखूही याच मार्गाने आली. तिला आम्ही शेतात जागा दिली, तोंडात दिली. तिच्यामुळे कोणी बाटल्याचे ऐकिवात नाही. पावाला मात्र तीनशे वर्षे उंबऱ्याबाहेर उभे केले. काय शिवायचे आणि काय शिवायचे नाही, हे ठरविताना आम्ही देहाच्या हिताला विचारलेच नाही.

तेव्हा पोर्तुगालवरील या आस्वादक लेखनाचे मोल ठरविताना आम्ही त्याला खोटे म्हणणार नाही, अपुरे म्हणू. पु. ल. देशपांडे यांचे 'माझे खाद्यजीवन' वाचून कोणी बारीक होईल अशी लेखकाने हमी दिलेली नाही. त्यात जिभेचा आनंद जिभेचा म्हणूनच येतो, आणि म्हणून ते लेखन निर्दोष आहे. नवे लेखक आनंदाला आरोग्याचा दाखला जोडू पाहतात, आणि तो दाखला तपासणीत टिकत नाही. तो टिकावा असे वाटत असेल, तर त्यांनी इतके करावे: दिवसाला किती चाललो ते लिहावे, जेवण किती वाजता, किती वेळ, कोणाबरोबर घेतले ते लिहावे, अर्धी वाढ मागितली की पूर्ण, ते लिहावे, आणि परतल्यावर सहा महिन्यांनी, घरच्या ताटासमोर, त्यांतले काय उरले तेही लिहावे. असे एक पान पन्नास पाककृतींपेक्षा वाचकाच्या अधिक कामी येईल.

आणि वाचकांनी लिस्बनचे तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी घरच्या घरी करून पाहाव्यात. कुलदैवताच्या दर्शनाला जाताना गाडी थेट महाद्वाराशी न नेता मैल-दोन मैल अलीकडे सोडावी आणि उरलेली वाट पायी चालावी. पूर्वजांनी घाट उतरून केलेल्या वाटेचा तो अगदी लहानसा अंश आहे. दुसरी गोष्ट देवस्थानांच्या व्यवस्थापक मंडळींनी मनावर घ्यावी. महाप्रसादाच्या पंगतीत आरंभी वाटीभर पेज वाढावी, अर्धी वाढ मागणाऱ्याला ती संकोचावाचून मिळावी, आणि 'आग्रह करू नये' एवढी एक पाटी भोजनशाळेत लावावी. प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्ण असतो, हे तर आपण सर्वजण मानतोच.